अर्ज रुग्णालयांनीही करावा

पुण्याच्या नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत माझी भाची बसते. पंख्याखालची जागा मिळावी म्हणून सकाळी साडेसहालाच हजर होते. तिच्या डावीकडे राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेची तयारी करणारा साताऱ्याचा मुलगा, उजवीकडे तलाठी भरतीच्या जाहिरातीची वाट बघणारी बार्शीची मुलगी. दोघंही तिला ताई म्हणतात, कारण ती एकतीस वर्षांची आहे. ती एमएस झालेली सर्जन आहे हे त्यांना बरेच दिवस माहीतच नव्हतं. मेसच्या मावशींचा हात तेलानं भाजला आणि हिनं पुढे होऊन तो नळाखाली धरला, तेव्हा उलगडा झाला. साताऱ्याच्या मुलानं विचारलं, "ताई, डॉक्टर झाल्यावर पण अभ्यासिका सुटत नाही?"

नाही सुटत. एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमएसची तीन, मग सरकारी सेवेच्या बाँडचं एक. आता एमसीएच या सुपरस्पेशालिटी पदवीसाठी आणखी तीन हवीत आणि ती संपल्यावर पुन्हा बाँड आहेच. महाराष्ट्रात सुपरस्पेशालिटीचा बाँड मोडायचा तर दोन कोटी रुपये भरावे लागतात. तिला यकृत आणि स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया शिकायच्या आहेत. एमएस करताना रात्री दोन वाजता फुटलेलं आतडं आलं की सिनियर हिलाच हाक मारायचे. हात हलका आणि डोकं थंड. तिच्या या हाताला पुढच्या प्रवेशात किती गुण? शून्य. नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची देशभरची प्रवेश परीक्षा म्हणजे दीडशे प्रश्न, अडीच तास, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं की एक वजा.

इथे परीक्षेच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात होईल असं वाचकाला वाटेल. मी ते करणार नाही, कारण परीक्षा नव्हती तो काळ मी पाहिला आहे. २०१७ मध्ये नीट-एसएस आली. त्याआधी प्रत्येक संस्थेचा फॉर्म वेगळा, डिमांड ड्राफ्ट वेगळा, तारीख वेगळी. १९९६ साली मी अशाच एका मुलाखतीसाठी दीड दिवसाचा रेल्वे प्रवास करून गेले होते. गाव आणि संस्था कोणती ते सांगत नाही. समोर तिघं बसले होते. पहिला प्रश्न, कोणाच्या युनिटमधून आलात? दुसरा, मिस्टर काय करतात? तिसरा, मुलं किती आणि त्यांना कोण सांभाळणार? शस्त्रक्रियेबद्दल चौथा प्रश्न येईल म्हणून मी थांबले होते, तोवर पुढच्या उमेदवाराची हाक झाली. ज्याची निवड झाली त्याला विभागातला शिपाईसुद्धा नावानं ओळखत होता. (गडी हुशार होता, हेही सांगायला हवं. वेटिंग रूममध्ये त्यानंच मला डबा दिला होता.) मी परत आले, जनरल सर्जरी केली, त्यात सुखी आहे. पण त्या तीन प्रश्नांमुळे एक गोष्ट पक्की कळली, की आपल्याकडे मुलाखतीचं दार जरा जास्त उघडलं की त्यातून आधी वशिला आत येतो. तेव्हा संगणकावरची परीक्षा असूदे. ती कोणाची मुलगी आहे, कोणाची सून आहे हे विचारत नाही, एवढा गुण मला पुरे आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. उमेदवाराला आपण सगळं विचारतो: गुण, रँक, प्रयत्न किती, प्रमाणपत्रं, बाँड पुरा केल्याचा दाखला. ज्या विभागात तो आयुष्याची तीन वर्षं देणार त्या विभागाला आपण काहीच विचारत नाही.

२०२२ पासून परीक्षा गटवार झाली. पूर्वी शाखा आधी निवडावी लागायची आणि साठ टक्के प्रश्न त्या शाखेचेच असायचे. आता सर्जरी गटाची एकच परीक्षा, एकच रँक, आणि त्या रँकवर युरॉलॉजी, प्लास्टिक, सर्जिकल गॅस्ट्रो, कर्करोग, हृदय, बालशल्य यांतलं काहीही घ्या. हा बदल आणतानाही काय गोंधळ घातला होता! नोव्हेंबर २०२१ ची परीक्षा आणि नवं स्वरूप जाहीर केलं ऑगस्टच्या शेवटी. एक्केचाळीस डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठानं सरकारला सुनावलं, या तरुण डॉक्टरांना सत्तेच्या खेळातला फुटबॉल समजू नका. मग बदल एक वर्ष पुढे ढकलला गेला. पण स्वरूप बदललंच, आणि त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. आता उमेदवार यकृतासाठी किंवा मेंदूसाठी अर्ज करत नाही, तो रँकसाठी अर्ज करतो. शाखा आणि गाव ठरतं ते नंतर, चॉइस फिलिंगच्या, म्हणजे पसंतिक्रम भरायच्या, दोन-चार रात्रींत.

त्या रात्री मी भाचीच्या मैत्रिणींकडे पाहिल्या आहेत. एकीकडे समुपदेशन समितीचं संकेतस्थळ, दुसरीकडे व्हॉट्सअॅप. अमुक कॉलेजात सिनियर कोण आहे? त्याचा नंबर मिळेल का? आणि मग तो एकमेव महत्त्वाचा प्रश्न: "सर, तिथे कटिंग मिळतं का?" बाहेरच्यांसाठी सांगते, कटिंग म्हणजे इथे चहा नव्हे. शिकाऊ सर्जनला स्वतःच्या हातानं शस्त्रक्रिया करायला मिळते का, याला आम्ही कटिंग म्हणतो. तीन वर्षं रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला ओढून धरायचं हत्यार) धरून शेवटी फक्त त्वचा शिवायला मिळाली तर पदवी हातात येते आणि हात कोरा राहतो. पलीकडचा सिनियर कधी खरं सांगतो, कधी "बरं आहे" म्हणतो. बरं आहे याचा अर्थ काय लावायचा? तो अजून तिथेच शिकतोय, त्याचे सर त्याच्या परीक्षेला परीक्षक म्हणून बसणार आहेत. तो यापेक्षा जास्त काय बोलणार? साडेनऊ वर्षं शिकलेली बाई तिच्या पुढच्या तीस वर्षांचा निर्णय अशा कुजबुजीवर घेते. आपण घर भाड्यानं घेतानाही पाणी किती वाजता येतं ते विचारतो.

गंमत म्हणजे माहिती नसते असं नाही. ज्या रुग्णालयाला डीआरएनबी या एमसीएचच्या तोडीच्या पदवीच्या जागा हव्या असतात त्याला राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडे रीतसर अर्ज करावा लागतो: खाटा किती, रुग्ण किती, शस्त्रक्रिया कोणत्या आणि किती, शिकवणारे कोण. वैद्यकीय महाविद्यालयांची अशीच माहिती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे जाते. आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे फेलोशिप (एखाद्या उपशाखेतलं छोटं प्रशिक्षण) अभ्यासक्रम चालवणारी रुग्णालयंही कागद भरतात. म्हणजे रुग्णालयं अर्ज करतातच, फक्त तो अर्ज दिल्लीला किंवा नाशिकला जातो, आणि ज्या मुलीला तिथे राहायचंय तिच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय माझ्या माहितीप्रमाणे त्या कागदात एक रकाना नसतो, आणि तोच तिला हवा असतो: या शस्त्रक्रियांपैकी शिकणाऱ्यानं स्वतः किती केल्या?

पदवीच्या जागांना निदान ही एवढी तरी चौकट आहे. खरं अरण्य पुढे आहे.

ज्याला हवी ती शाखा मिळत नाही, किंवा जो वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसून थकतो, तो फेलोशिपकडे वळतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या एफएनबी या फेलोशिपला प्रवेश परीक्षा आहे, दोन वर्षांचा ठरलेला अभ्यासक्रम आहे, ते ठीक. त्याखाली मात्र रुग्णालयांच्या स्वतःच्या फेलोशिप येतात. दुर्बिणीची सर्जरी, मणका, गुडघा, वंध्यत्व, अतिदक्षता, काय म्हणाल ते. पुण्यात मोठ्या रुग्णालयांना तोटा नाही, त्यामुळे या फेलोशिपनाही नाही. अशा प्रमाणपत्राची वैद्यक परिषदेत अतिरिक्त पदवी म्हणून नोंद होत नाही, तरी पाटीवर ते लागतं आणि नोकरीत विचारलंही जातं. काही ठिकाणी शिक्षण अस्सल मिळतं, मी स्वतः तशा लोकांकडून शिकले आहे. पण बाहेरून अस्सल आणि नकली सारखंच दिसतं, आणि प्रवेशाची रीत म्हणजे बहुतेकदा एक फोन. "सोमवारपर्यंत कळवा, नाहीतर पुढच्याला देतो."

माझा एक जुना विद्यार्थी अशा एका वर्षभराच्या फेलोशिपला गेला. रुग्णालयाचं नाव मोठं, विभागप्रमुखांचं त्याहून मोठं. स्टायपेंड आरएमओपेक्षा, म्हणजे रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरपेक्षा कमी, काम आरएमओचंच: रात्रपाळ्या, डिस्चार्ज कार्डं, विम्याचे फॉर्म. ओटीमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, तो कॅमेरा धरायचा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कोणीतरी कॅमेरा धरावाच लागतो आणि तेही कसब आहे, पण ते पहिल्या दोन महिन्यांचं. अकरा महिन्यांनी तो मला भेटायला आला आणि म्हणाला, "मॅडम, मी आता उत्तम छायाचित्रकार झालोय." त्याला स्वतःच्या हातानं किती पित्ताशयं काढायला मिळाली हा आकडा मी लिहिणार नाही, त्यालाच लाज वाटेल. लाज खरं तर दुसऱ्या कोणाला वाटायला हवी. त्या विभागाला स्वस्त मनुष्यबळ हवं होतं आणि त्यानं ते फेलोशिप या नावानं मिळवलं. जाहिरातीत 'हँड्स-ऑन ट्रेनिंग' असे शब्द होते. किती हात, कोणाचे, ते नव्हतं.

अमेरिकेत फेलोशिपचा प्रवेश कसा होतो हे इथे सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्याबद्दल निम्मी माहिती असते. तिथे उमेदवार आवडीच्या विभागांची क्रमवारी देतो, मुलाखतीनंतर विभागही उमेदवारांची क्रमवारी देतात, आणि संगणक जोड्या लावतो. वधूवर सूचक मंडळच म्हणा, फक्त पत्रिकेऐवजी दोन्ही बाजूंची पसंती. डॉक्टरांसाठी ही पद्धत १९५२ मध्ये सुरू झाली. १९४० च्या दशकात तिथली रुग्णालयं विद्यार्थ्यांना शिक्षण संपायच्या कितीतरी आधीच गाठत आणि काही तासांत उत्तर द्या म्हणत. आपला 'सोमवारपर्यंत कळवा' त्या मानानं उदार म्हणायचा. पुढे १९६२ मध्ये गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी अशा जोड्या टिकाऊ कशा लावायच्या ते कागदावर सिद्ध केलं, त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात लग्नाचाही उल्लेख होता. शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावर.

माझ्या मुद्द्याला यातली पोटविकारांच्या फेलोशिपची गोष्ट जास्त उपयोगी आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे या शाखेची जुळणी मोडली. जागा कमी केल्या होत्या, पण उमेदवार त्याहून वेगानं कमी झाले, विभाग घाबरले आणि जुळणी सोडून एकेकाला आधीच गाठू लागले. रॉथ आणि म्युरिएल निडरली यांनी नंतर अभ्यास करून दाखवलं की त्या काळात विभाग जास्त करून आपल्याच रुग्णालयातले डॉक्टर घेऊ लागले. लांबून येणाऱ्यांचं प्रमाण घटलं. २००६ मध्ये जुळणी पुन्हा सुरू करावी लागली. म्हणजे घाईनं आणि फोनवर प्रवेश झाले की ओळखीच्याचं फावतं, मग देश कुठलाही असो. बार्शीच्या डॉक्टरला डेक्कनवरच्या रुग्णालयातली फेलोशिप मिळणं अवघड होतं ते त्याच्यात काही कमी असतं म्हणून नव्हे; जागा होती हे त्याला ती भरल्यावर कळतं.

अमेरिकेचं सगळं उचला असं मी म्हणत नाही. तिथे शिफारसपत्रं, संशोधनपत्रांच्या याद्या, शेकडो डॉलर अर्जांवर घालवणं, हे सगळं आहेच, आणि आपल्याकडे शोधनिबंध विकत मिळतात हे ज्याला माहीत आहे तो ती वाट सुचवणार नाही. दोन्ही बाजूंची पसंती ही कल्पना मात्र घेण्याजोगी आहे, आणि पसंती द्यायची तर समोरच्याबद्दल काही माहीत असावं लागतं. मुलीकडचे आपल्याकडे निदान गोत्र तरी विचारतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: फेलोशिप असो की एमसीएच, अर्ज मागवण्याआधी विभागानं एक पान जाहीर करावं. गेल्या वर्षी मुख्य शस्त्रक्रिया कोणत्या आणि किती झाल्या. त्यांत शिकणाऱ्यानं सहाय्य किती केलं, देखरेखीखाली किती केल्या, स्वतंत्रपणे किती. आठवड्यात रात्रपाळ्या किती. स्टायपेंड किती आणि तो दर महिन्याला मिळतो का (हसू नका). गेल्या तीन वर्षांत किती जण आले, किती जण मध्येच सोडून गेले. शेवटचा आकडा एकटाच पुष्कळ बोलतो.

एका रुग्णालयात विभागप्रमुख असलेल्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं दोन आक्षेप घेतले, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला: "आमच्याकडे कठीण केसेस येतात, त्या मी शिकाऊ पोराच्या हातात कशा देऊ? माझा आकडा छोटा दिसेल, आणि रोज हर्निया करणारा माझ्यापुढे जाईल." खरं आहे. पण कठीण यकृत जवळून पाहायचं असेल तर कमी कटिंगवरही मुलं येतील, त्यांना ते आधी माहीत असलं म्हणजे झालं. फसवणूक कमी आकड्यात नसते, लपवलेल्या आकड्यात असते. आणि रुग्णाच्या बाजूनं पाहिलं तरी तेच. आपल्या पोटावर सुरी कोण चालवणार हे विचारायचा त्याला हक्क आहे. शिकणारा करणार असेल तर शेजारी कोण उभं असेल हेही.

दुसरा आक्षेप आकडे फुगवण्याचा. यावर मी वाद घालू शकत नाही, कारण आमचं लॉगबुक, म्हणजे केलेल्या शस्त्रक्रियांची वही, आम्ही कसं भरायचो ते मला माहीत आहे: परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, चार रंगांच्या पेनांनी, तारखा वेगवेगळ्या दिसाव्यात म्हणून. पण प्रत्येक ओटीत एक रजिस्टर असतं, त्यात सर्जन, सहाय्यक आणि भूलतज्ज्ञ यांची नावं रोजच्या रोज पडतात, आणि ते रजिस्टर सिस्टरच्या ताब्यात असतं. सिस्टरला चार रंगांची पेनं वापरायला वेळ नसतो. जाहीर केलेल्या पानातल्या दहा नोंदी त्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या की पुरे.

सक्ती कशी करणार, असंही विचारलं जाईल. विद्यापीठाच्या फेलोशिपना नाशिकहून एक परिपत्रक पुरेल. खासगी फेलोशिपचं काय? पुण्यातली कितीतरी मोठी रुग्णालयं सार्वजनिक विश्वस्त संस्था आहेत. त्या नात्यानं त्यांना सवलती मिळतात, आणि म्हणूनच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली त्यांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. समाजाच्या पैशावर उभं राहिलेलं रुग्णालय रिकाम्या खाटांचा हिशेब देऊ शकतं, तर फेलोच्या रिकाम्या हातांचाही देऊ शकेल.

याचा संबंध फक्त डॉक्टरांच्या करिअरशी नाही. सुपरस्पेशालिटीच्या जागांसाठी इतकी झुंबड असूनही दर वर्षी शेकडो जागा रिकाम्या राहतात, पात्रतेची पर्सेंटाइल खाली आणून जादा फेऱ्या घ्याव्या लागतात. रिकाम्या राहतात त्या मुख्यतः हृदयशल्य आणि बालशल्य यांसारख्या शाखांच्या. अन्ननलिका न जुळलेलं बाळ जन्मतं तेव्हा त्याला बालशल्यचिकित्सकच लागतो, त्याच्या आईला पर्सेंटाइल कळत नाही. या शाखांकडे मुलं का जात नाहीत? पैसा कमी, स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही, हृदयाला तर मशीन, ते चालवणारा पर्फ्युजनिस्ट, आयसीयू असा अख्खा संसार लागतो, ही कारणं खरीच आहेत. पण मुलांशी बोलताना मला आणखी एक कारण ऐकू येतं. तीन वर्षं आणि त्यानंतरची पाच वर्षं कोणाच्या तरी मागे उभं राहूनही हातात काही येईल याची खात्री नाही, असं ती म्हणतात. ज्या विभागात शिकवतात तो विभाग ते छातीठोकपणे सांगत का नाही? बालशल्याच्या एखाद्या विभागानं 'आमच्या मुलांनी गेल्या वर्षी एवढी बाळं स्वतः शिवली' असा आकडा लावला, तर त्या जागा अशाच पडून राहतील असं मला वाटत नाही.

भाचीचा निकाल यायचा आहे. तोवर हाताला गंज नको म्हणून तिनं शहरातल्या एका फेलोशिपसाठी चौकशी केली. माझ्याच सांगण्यावरून तिनं ईमेलमध्ये चार साधे प्रश्न लिहिले: फेलोनं गेल्या वर्षी स्वतः किती शस्त्रक्रिया केल्या, रात्रपाळ्या किती, स्टायपेंड किती, मागचे फेलो आता कुठे आहेत. "मावशी, फार आगाऊपणा वाटेल का गं?" पाठवण्याआधी तिनं दोनदा विचारलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. गुरुवारी सकाळी अकराला मुलाखत, मूळ प्रमाणपत्रं, त्यांच्या साक्षांकित प्रती आणि दोन पासपोर्ट फोटो घेऊन यावं. चार प्रश्नांचा उल्लेख नव्हता. ती गुरुवारी जाणार आहे.